गच्चीवर वाळत घातलेली फुलं

माणूस कुठे राहायचं हे ठरवतो, तेव्हा आपली मुलं कोण होणार हेच तो ठरवत असतो. हे वाक्य माझं आहे. मस्कतमधल्या भाड्याच्या घरात, परतीची तिकिटं काढून झाल्यावर, मी ते संगणकावर एका तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे समाधानाने बघत बसलो. तक्ता नंदुरबार शहरातल्या वसाहतींचा होता. शाळेचं अंतर, पाण्याचे दिवस, रस्ता, दवाखाना, वाचनालय, मोकळी जागा आणि शेजार, असे सात रकाने. प्रत्येकाला दहापैकी गुण. वसाहती नऊ. त्यांतल्या सहा मी उपग्रहाच्या नकाशावर पाहिल्या होत्या आणि तीन एका जुन्या मित्राने फोनवर सांगितल्या होत्या.

'शेजार' हा रकाना रिकामा ठेवला होता. तो तिथे गेल्यावर भरायचा होता, आणि तो आपण भरायचा असतो अशी माझी समजूत होती.

नऊ वर्षं मी मस्कतच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होतो. इथे प्रयोगशाळेतल्या माणसाने रक्ताच्या एकाच रंगाबद्दल काहीतरी उदात्त लिहायची पद्धत आहे. ते मी गाळतो. कंत्राट संपलं, माझी जागा तिथल्याच एका तरुणाला मिळाली, आणि ते रास्तच होतं. त्याला काम मीच शिकवलं. तिकडे राहतानाही कोणी कुठे राहायचं हे ठरलेलंच असे. मजूर एका बाजूला, कारकून दुसऱ्या बाजूला, डॉक्टर समुद्राच्या जवळ. पण ते पगाराच्या चिठ्ठीवर ठरायचं, आणि चिठ्ठी दाखवायला कोणी लाजत नसे.

आम्हाला दोन मुली. धाकटी तेव्हा दुसरीत जाणार होती आणि तिला सगळं चालायचं. थोरली नववीत जाणार होती, आणि तोवर तिच्या चार शाळा होऊन गेल्या होत्या. कधी घर बदललं म्हणून, कधी फी वाढली म्हणून. तिने तक्रार कधी केली नाही. फक्त नव्या शाळेत गेली की ती मैत्रीण करायची नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणायची. पुढचं वर्ष त्या शाळेत बहुधा येतच नसे.

तक्ता मी तिला कौतुकाने दाखवला, तेव्हा तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यातलं जे घर घेणार, तिथे किती दिवस?"

"दहावी होईपर्यंत हलणार नाही."

"लिहून द्या."

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं: दहावी होईपर्यंत घर बदलणार नाही, शाळा बदलणार नाही. खाली सही केली. तिने पान निरखलं आणि म्हणाली, "तारीख राहिली." मी तारीख टाकली.

आमचं मूळ घर तोरणमाळचा घाट सुरू होतो त्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर आहे. घरी आम्ही पावरी बोलतो, सातपुड्यातल्या आदिवासींची बोली. मराठी मला आश्रमशाळेने दिली, पुस्तकातून आणि छडीने, त्यामुळे ती फार शुद्ध आहे. नंदुरबारच्या बाजारात सगळे अहिराणी बोलतात. तिथे माझ्यासारखं मराठी बोलणारा माणूस पुण्याकडचा तरी असतो, नाहीतर सरकारी परिपत्रक तरी. आडनावाचीही तीच गोष्ट. वडिलांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींना आमचं आडनाव लिहिता आलं नसेल किंवा लिहावंसं वाटलं नसेल. त्यांनी दाखल्यावर स्वतःचंच आडनाव लिहून टाकलं. गुरुजी घाटावरचे होते. अशा रीतीने आडनाव एका गुरुजींचं, भाषा दुसऱ्या गुरुजींची, आणि वर नऊ वर्षांचं परदेश, एवढं घेऊन मी घर शोधायला निघालो.

पाड्यावर राहता आलं असतं. पण तिथली शाळा चौथीपर्यंत, आणि थोरलीला जी शाळा हवी होती ती शहरात होती.

पहिलं घर छान होतं. मालकीणबाई चहा टाकायला आत गेल्या आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "गाव कोनतं म्हनलात, भाऊ?" मी गाव सांगितलं. चहा आला, पण एकच कप आला, आणि त्यासोबत असं कळलं की घर कालच एकाला देऊन झालंय, त्यांच्या मालकांनी बोलून ठेवलं होतं, त्यांना आत्ता आठवलं. दुसऱ्या घरात त्यांना 'लहान फॅमिली' हवी होती. आम्ही चौघं. किती लहान हवी, असं मी विचारलं नाही. तिसऱ्या घराचे मालक प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मन्हं काहीच म्हननं नही, भाऊ. पन खाले मन्ही माय ऱ्हास, ती जुना वळननी शे." त्यांची माय तेव्हा पायरीवर बसून धाकटीला गुळाचा खडा देत होती.

मित्राला मी हे सांगितलं. आम्ही आश्रमशाळेत एका पत्र्याखाली झोपलेलो. तो आता शिक्षक आहे आणि रेल्वेच्या पलीकडे एका वस्तीत राहतो, जिथे बहुतेक सगळे डोंगरातून आलेले. तो पोट धरून हसला.

"माझ्या वस्तीत ये. तिथे कोणी काही विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं."

"तिथून शाळा लांब पडते."

"आणि?"

"रस्ता कच्चा आहे. तक्त्यात त्याला दहापैकी दोन गुण पडतात."

"मला किती पडले?" त्याने विचारलं.

चौथ्या घराला तक्त्यात सर्वांत जास्त गुण होते. शाळा चालत सात मिनिटांवर. वसाहतीला लोखंडी कमान होती आणि तिच्यावर 'सुसंस्कृत नागरिकांची वसाहत' अशी अक्षरं. कमानीच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती. माणसं कमानीखालून जात, बकऱ्या बाजूने जात. घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; त्यांना सगळे नाना म्हणत. दारावरच्या पाटीवर त्यांची पदं वरून खाली अशी लिहिलेली होती की नाव वाचायला वाकावं लागे. दिवाणखान्यात त्यांचा एक मोठा फोटो होता, सारंगखेड्याच्या यात्रेतला, एका पांढऱ्या घोड्याचा लगाम धरलेला. घोडा त्यांचा नव्हता. त्यांनी तो विकतही घेतला नव्हता.

"कोठला शेतस तुम्ही?" नानांनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. थोरली खिडकीतून शाळेचं मैदान बघत होती. ते तिथून खरंच दिसायचं.

"आम्ही मस्कतहून आलो," मी म्हणालो.

"मस्कत!" नाना खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दुबईनाच बाजूले ना? तुमनी भाषा देखीसन माले वाटनं, पुनाकडला शेतस."

मी काहीच बोललो नाही. खोटं मी एक अक्षर बोललो नाही, हे मी पुढे वर्षभर स्वतःला सांगत राहिलो. नाना बायकोला म्हणाले, "ताई, आमनी कॉलनीमा बठ्ठा सुशिक्षित लोक शेतस. तुमले आवडी." त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, ते गुरुजींचं होतं, आणि नाना खूश झाले.

नानांच्या वरच्या मजल्याचं घर मिळालं. जिना उतरताना बायको पावरीत म्हणाली, "किती दिवस?" हा प्रश्न आमच्या घरात तोवर फक्त थोरली विचारायची.

त्या वर्षी मस्कत हीच आमची जात झाली. ती बरी जात होती. तिच्यात लग्नाची मुलं शोधायला कोणी येत नव्हतं आणि तिचे कुळाचार कोणाला माहीत नव्हते. आम्ही काहीही केलं तरी "तिकडे तसंच असतं" असं लोक एकमेकांना समजावून सांगत. बायको गॅलरीत मुलींशी हिंदीत बोलायची. आईचा फोन आला की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो, आणि शेजारच्या वहिनी बायकोला म्हणायच्या, "भाऊसना फॉरेनना फोन लई येतस."

गणपतीत वसाहतीने माझं भाषण ठेवलं. विषय 'परदेशातील आपले संस्कार'. मला शाल आणि नारळ देण्यात आला, आणि नानांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की अशी माणसं शेजारी असणं हे वसाहतीचं भाग्य आहे. मी वीस मिनिटं बोललो. आपण जगात कुठेही गेलो तरी आपली मुळं विसरू नयेत, असं मी बोललो. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. थोरलीने वाजवल्या, पण माझ्याकडे न बघता. शाल अजून आहे. नारळाची चटणी झाली.

थोरलीचं मात्र चांगलं चाललं होतं, आणि मी माझ्या सगळ्या हिशेबात तेच एक धरून होतो. दिवाळीनंतर एक दिवस ती एका मुलीला घरी घेऊन आली. दोघींनी गच्चीवर बसून चिंचा खाल्ल्या. मुलगी गेल्यावर मी विचारलं, "मैत्रीण?" ती म्हणाली, "बघू." पण तिचा आवाज वेगळा होता. पुढच्या महिन्यात त्या दोघींनी दहावीचा अभ्यास मिळून करायचं ठरवलं, कोणी कोणाच्या घरी कोणत्या वारी जायचं त्याचं वेळापत्रकही केलं. वेळापत्रक गणिताच्या त्याच वहीत होतं.

आईला मी येऊ देत नव्हतो. मुलींची परीक्षा आहे, पाणी चार दिवसांनी येतं, सध्या ऊन फार आहे. आई फोनवर म्हणायची, "बरं." तिला शाळा नाही, पण माणूस कारण सांगतो आणि माणूस कारण रचतो यातला फरक कळायला शाळा लागत नाही. होळीला आम्हीच पाड्यावर गेलो. निघताना आईने माझ्याकडे बघत विचारलं, "तुझ्या घराला गच्ची आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. तिने का विचारलं ते मला कळायला हवं होतं.

आमच्याकडे मोहाची झाडं भावाभावांत वाटून दिलेली असतात. जमिनीची वाटणी नंतर होते, कधीकधी होतच नाही. झाडांची आधी होते. माझ्या वाट्याला तीन झाडं आहेत, धाकट्या भावाला चार. मी मस्कतला होतो ती नऊ वर्षं आई उजाडायच्या आधी माझ्या झाडांखाली जाऊन फुलं वेचायची, भावाच्या फुलांत न मिसळता वेगळी वाळवायची, वेगळ्या टोपलीत ठेवायची. भाऊ म्हणायचा, कशाला, तो काय येऊन खाणार आहे का? पण ज्याचं झाड त्याची फुलं, आणि ती त्याच्याच छपरावर वाळायची, असं आमच्यात धरतात. नऊ वर्षं माझं छप्पर समुद्रापलीकडे होतं, म्हणून आईने स्वतःचं वापरलं. आता मी एका बसच्या अंतरावर आलो होतो.

एप्रिलमध्ये एक दिवस मी कामावरून, इथे शहरात मिळालेल्या प्रयोगशाळेतून, परतलो तेव्हा जिन्यात तो वास होता. ज्याने तो लहानपणी घेतलाय त्याला तो गोड वाटतो. ज्याने नाही त्याला काय वाटत असेल, याचा मी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर विचार केला. आई दुपारच्या एसटीने शहाद्याहून आली होती, दोन गोण्या घेऊन, रिक्षावाल्याला कमानीचं नाव सांगून. गच्चीवर बायकोच्या दोन जुन्या साड्या पसरलेल्या आणि त्यांवर माझ्या तीन झाडांची फुलं. धाकटी आईच्या शेजारी उकिडवी बसून ती एकेक करून उलटत होती.

"मी काही बोलले नाही," बायको म्हणाली. "तुझी आई आहे, तू बोल."

बोलायचं काय होतं? आईला म्हणायचं, ही फुलं झाक, इथे आपण दुसरे कोणीतरी आहोत? त्या संध्याकाळी आईने टाकीच्या कट्ट्यावर बसून सगळ्या वसाहतीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "घरं चांगली आहेत. झाड एक नाही."

तीन दिवस कोणी वर आलं नाही. फुलं उन्हात आधी पिवळट झाली, मग तांबूस, मग आक्रसून तपकिरी. चौथ्या दिवशी रविवार होता. पाण्याची टाकी बघायला नाना वर आले. मी, आई आणि थोरली तिथेच होतो. आई फुलं गोळा करत होती, थोरली कठड्याला टेकून वाचत होती.

नानांनी टाकीचं झाकण उघडलं, लावलं, आणि साड्यांजवळ येऊन उभे राहिले.

"हाई काय शे, भाऊ?"

वाळलेलं मोहाचं फूल मनुक्यासारखं दिसतं. हे मला आयुष्यभर माहीत होतं, पण त्याचा उपयोग करायची वेळ आली नव्हती.

"मनुके," मी म्हणालो. नाना फुलांकडेच बघत राहिले, म्हणून मी पुढे म्हणालो, "तिकडचे. ओमानचे."

आईला मराठी बोलता येत नाही, कळतं बरंच. तिचा हात साडीवर थांबला.

नाना खाली वाकले. त्यांनी एक फूल उचललं, बोटांत दाबलं, नाकाशी नेलं, तोंडात टाकलं. शांतपणे चावलं. पाटबंधारे खात्यात जाण्याआधी नाना तापीकाठच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होते, हे त्यांच्या पाटीवर नव्हतं.

"गोड शेतस," ते म्हणाले. "मन्हा बाप बैलस्ले खावाडे."

मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात थोरलीने पुस्तक मिटलं.

"नाना, ते मनुके नाहीत. मोहाची फुलं आहेत. पप्पांच्या झाडाची. ही आमची आजी, ती तोरणमाळच्या खालून आलीय. आम्ही पण तिथलेच."

ती मोठ्याने बोलली नाही. वर्गात उत्तर द्यावं तशी बोलली. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझी सही होती आणि घराच्या खिडकीतून तिच्या शाळेचं मैदान दिसायचं. आपण काय पणाला लावतोय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"माले माहीत शे, पोरी," नाना म्हणाले. त्यांनी हात झटकले. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला सहन होईना. "मन्हं काहीच म्हननं नही. पन कॉलनी शे ना. लोक बोलतस."

ते जिना उतरून गेले. आईने उरलेली फुलं गोणीत भरली. मग सुनेला हाक मारून आमच्या भाषेत विचारलं, "मनुका म्हणजे काय?"

"वाळलेलं द्राक्ष," बायको म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "तुझ्याकडे द्राक्षाची झाडं किती आहेत?"

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेली. रडली नाही, चिडली नाही, धाकटीच्या केसांना तेल लावून गेली. एक गोणी ठेवून गेली, कारण फुलं माझी होती. दुसरी परत नेली, ती ओलसर होती म्हणून. इथे पुन्हा वाळत घालायची सोय दिसत नाही, एवढंच म्हणाली.

आठ दिवसांनी नाना दारात आले. आत आले नाहीत. "भाऊ, मन्ही पोर सासरथून ई ऱ्हायनी. ऱ्हावाले. तिले वरलं घर लागी." हे बोलताना ते माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत होते, जिथे गणपतीतल्या सत्काराचा फोटो होता. फोटोत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आत पाहिजे का?" मी विचारलं.

"तेच बरं पडी. पोरस्ना अभ्यास बुडाले नको." काळजीच्या सुरात म्हणाले ते, आणि मला वाटतं काळजी खरी होती.

मी कॉलनीत दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. शाळेजवळ, दुसऱ्या गल्लीत, मागच्या बाजूला. प्रत्येक घर कालच कोणाला तरी देऊन झालं होतं. ज्या मंडळाने मला शाल दिली होती त्याचे अध्यक्ष म्हणाले, प्रयत्न करतो. त्यांनी तो केला असेल. वेळापत्रक केलेली मैत्रीण त्यानंतर एकदा आली, जिन्यातच उभी राहून वही देऊन गेली. घरी कामं आहेत, म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीला सुट्टीत एवढी कामं कुठून आली, हे मी थोरलीला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो. तिने वाचणं थांबवलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"कोणतं?"

मला वाटलं होतं एकच आहे. मी म्हणालो, "तू बोलली नसतीस तरी त्यांना कळलंच होतं. ते आधीच..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांनी तोंडात टाकलं तेव्हाच कळलं. मी त्यांच्यासाठी नाही बोलले."

"मग?"

"आजी ऐकत होती."

मी उठून आत आलो.

मित्राने टेम्पो आणला. सामान चढवताना त्याने एकदाच विचारलं, "तक्ता घेतलास ना?" आणि पुन्हा तो विषय काढला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. कमानीखालून टेम्पो जाईना, कपाट उंच होतं. आम्ही बकऱ्यांच्या वाटेने बाहेर पडलो.

रेल्वेपलीकडच्या वस्तीत घरमालकीण म्हणजे एक विधवा आदिवासी आरोग्य सेविका. तिने दारातच गाव विचारलं, पाडा विचारला, पाड्यावरच्या नाल्याच्या कोणत्या बाजूला ते विचारलं, माझ्या वडिलांचं खरं आडनाव विचारलं आणि ते मिळाल्यावर म्हणाली, "मग तुझ्या आईला मी ओळखते. तिच्या डाव्या पायाला लागलं होतं तेव्हा मीच पट्टी बांधली होती. म्हातारी फार बोलते." मी म्हणालो, हल्ली कमी बोलते.

'शेजार' हा रकाना इतक्या पटकन कधी भरला गेला नव्हता. बाकीच्या रकान्यांचं सांगत नाही. नानांची मुलगी, मी ऐकतो, अजून सासरीच आहे. वरच्या घरात कोणीतरी पुण्याकडचे राहायला आलेत. हे मला माझ्या प्रयोगशाळेत साखर तपासायला आलेल्या वसाहतीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमनी आठवन येस, भाऊ. भाषण काय देल्तं तुम्ही!"

थोरलीची शाळा बदलली नाही. लेखी वचनातला तेवढा भाग मी पाळला. ती सायकलने जाते, साडेचार किलोमीटर, फाटक बंद असलं तर अर्धा तास जास्त. शाळेत ती एकटी बसते असं बाई म्हणाल्या, पण अभ्यासात चांगली आहे असंही म्हणाल्या. गणिताची ती वही संपली. शेवटच्या पानावर माझ्या सहीच्या खाली जागा होती, तिथे तिने वर्तुळाचं एक प्रमेय सोडवलंय. बरोबर सोडवलंय, मी तपासलं.

मार्च संपताना मी आईला फोन केला. दार उघडं ठेवून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, पावरीत. गेल्या वर्षीचं मी माझ्या परीने नीट मांडलं. मला ते जुळवायला दोन दिवस लागले होते. म्हणालो की माझी चूक मला कळलीय, की माणूस स्वतःचं झाड नाकारतो तेव्हा तो काय काय नाकारतो तेही कळलंय, आणि या वर्षी तू फुलं घेऊन इथे ये, सगळ्या वस्तीच्या देखत आपण ती वाळवू.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या घराला गच्ची आहे का?"

नाही. वर पत्रा आहे, उतरता. त्यावर फूल ठरत नाही.